कमी ताकदीच्या राऊटरांमधील लिंकची बँडविड्थ कशी मोजावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेची दोन कार्यालये पुरवठादाराच्या १०० एमबीपीएस पॉइंट-टू-पॉइंट लीज्ड लाइनने जोडलेली आहेत. दोन्ही टोकांना मायक्रोटिक या कंपनीचे लहान राऊटर आहेत: ६५० मेगाहर्ट्झचा एकच कोअर, ३२ एमबी मेमरी आणि १०० एमबीपीएसचे पोर्ट, म्हणजे हॅप लाइट जातीचे. राऊटरमधीलच ‘बँडविड्थ टेस्ट’ हे साधन टीसीपीवर (पोचपावत्या घेत डेटा पाठवणाऱ्या प्रोटोकॉलवर) चालवले की आकडा साठ एमबीपीएसच्या आसपास अडकतो. पुरवठादार म्हणतो की लाइन पूर्ण क्षमतेने चालू आहे, आणि संस्थेचे व्यवस्थापन विचारते की मग उरलेले चाळीस गेले कुठे. अशा राऊटरांवर लिंकची खरी क्षमता मोजण्याची विश्वासार्ह पद्धत कोणती, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

माझे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर, ज्या राऊटरची ताकद मर्यादित आहे त्याला चाचणीची वाहतूक तयार करायला किंवा गिळायला लावू नये. त्याने ती फक्त पुढे ढकलावी, आणि मोजणी त्याच्या काउंटरवर, म्हणजे पार झालेली पॅकेट व बाइट मोजत राहणाऱ्या नोंदींवर, करावी. पुढचे सगळे विवेचन हे का आणि कसे यासंबंधी आहे, कारण ‘का’ नीट समजले नाही तर दुसऱ्या साधनाने हीच फसगत पुन्हा होते.

राऊटर जेव्हा एखादे पॅकेट पुढे पाठवतो तेव्हा त्याला फार थोडे काम करावे लागते. पॅकेट नेटवर्क चिपमधून थेट मेमरीत उतरते, प्रोसेसर त्याचे शीर्षक वाचतो, मार्ग ठरवतो, टीटीएल (पॅकेट आणखी किती राऊटर ओलांडू शकते तो आकडा) एकने कमी करतो आणि तेच पॅकेट दुसऱ्या पोर्टच्या रांगेत लावतो. आतल्या मजकुराला तो हातही लावत नाही. फास्टट्रॅक (ओळखीच्या जोडण्यांना मिळणारी जवळची वाट) चालू असेल तर फायरवॉलच्या बऱ्याच पायऱ्याही गळतात, आणि दोन पोर्ट एकाच स्विच चिपवर ब्रिज असतील तर प्रोसेसरला पॅकेटचा पत्ताही लागत नाही. याउलट राऊटर स्वतः चाचणीची वाहतूक तयार करतो तेव्हा प्रत्येक पॅकेटसाठी मजकूर भरणे, चेकसम काढणे, कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये ने-आण करणे, वेळ राखणे, आणि टीसीपी असेल तर पोचपावत्या वाचून पुढचा वेग ठरवणे, ही सगळी कामे त्याच एका कोअरवर येऊन पडतात. समोरच्या टोकाचा राऊटरही तेवढाच घामाघूम होतो, कारण येणारे पॅकेट गिळून त्याचा हिशेब ठेवणे हे ते पुढे ढकलण्यापेक्षा महाग काम आहे. त्यामुळे जो राऊटर १०० एमबीपीएस वाहतूक सहज पार करतो तोच राऊटर स्वतः १०० एमबीपीएस निर्माण करू शकेल असे मुळीच नाही. बँडविड्थ टेस्टने या परिस्थितीत दाखवलेला आकडा हा लिंकचा नसून प्रोसेसरचा असतो, आणि त्यावरून लाइनला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

हे साधन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. मोठ्या राऊटरवर ते चांगले काम करते. मात्र राऊटर-ओएस या मायक्रोटिकच्या कार्यप्रणालीच्या ६.४४ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये ते एकच कोअर वापरत असे, त्यामुळे चार कोअरचा राऊटरही त्या काळात एका कोअरच्या मर्यादेला अडकायचा आणि एकूण सीपीयू २५ टक्केच दिसल्यामुळे पाहणारा निश्चिंत राहायचा. नव्या आवृत्त्यांत हे साधन स्वतःच इशारा देते की निकाल सीपीयूमुळे मर्यादित झालेला असू शकतो. दुर्दैवाने पुरवठादाराला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ही ओळ बहुतेक वेळा कापलेली असते.

आता पहिले काम हे की साठाचा आकडा खरोखर प्रोसेसरमुळे आहे की लिंकमुळे, हे पक्के ठरवायचे. चाचणी चालू असताना टूल्स मेनूतील ‘प्रोफाइल’ उघडावे. त्यात सीपीयूचा वेळ कोणत्या कामात जातो याची फोड दिसते. बी-टेस्ट (म्हणजे बँडविड्थ टेस्ट), नेटवर्किंग आणि इथरनेट या ओळींनीच मिळून जवळपास सगळा वेळ खाल्ला असेल आणि आयडल (रिकामा वेळ) ही ओळ शून्याकडे झुकली असेल, तर निदान बऱ्याच अंशी झाले. दोन्ही टोकांवर पाहावे. अनेकदा पाठवणारा राऊटर मोकळा असतो आणि स्वीकारणारा गुदमरलेला असतो. विनबॉक्स या राऊटर सांभाळण्याच्या प्रोग्रॅमच्या दहा खिडक्या आणि हलते आलेख उघडे ठेवून हे पाहू नये, कारण एवढ्या लहान यंत्रावर ते आलेख रंगवण्यासाठीची माहिती पुरवणे हेही एक ओझेच असते. टॉर्च आणि स्निफर ही वाहतूक न्याहाळण्याची साधने तर कटाक्षाने बंद ठेवावीत. ती चालू असताना फास्ट पाथ (पॅकेट कमीत कमी पायऱ्यांत पुढे ढकलण्याची पद्धत) बंद पडतो आणि ज्याची तपासणी करायची तीच गोष्ट तपासणीमुळे बदलते.

त्याहून पक्की कसोटी पॅकेटच्या आकाराची आहे, आणि माझ्या मते या विषयात ही एक गोष्ट जरी लक्षात ठेवली तरी निम्मे वाद मिटतात. टीसीपी सोडून यूडीपी (पोचपावती न घेणारा प्रोटोकॉल) निवडावे, दिशा एकच ठेवावी, आणि आधी १५०० बाइटच्या पॅकेटने व नंतर ७०० बाइटच्या पॅकेटने तीच चाचणी घ्यावी. प्रोसेसरला पॅकेटच्या संख्येचा भार असतो, लिंकला बिटांचा. १५०० बाइटच्या आयपी पॅकेटला तारेवर प्रत्यक्षात १५३८ बाइट जागा लागते, कारण इथरनेटचे शीर्षक आणि तपासणीचे १८ बाइट, आणि प्रीअँबल व दोन फ्रेममधील सक्तीची मोकळीक मिळून आणखी २० बाइट त्यात येतात. म्हणजे १०० एमबीपीएसवर सेकंदाला सुमारे ८,१२७ पॅकेट मावतात आणि आयपी पातळीवर ९७.५ एमबीपीएस दिसतात. ७०० बाइटच्या पॅकेटला ७३८ बाइट लागतात. तेव्हा सेकंदाला सुमारे १६,९३८ पॅकेट मावतात आणि आकडा ९४.९ च्या आसपास राहतो. याचाच अर्थ, मर्यादा लिंकची असेल तर पॅकेटचा आकार निम्म्याहून कमी करूनही एमबीपीएस जवळपास तेवढेच राहतील आणि पॅकेटची संख्या दुप्पट होईल. मर्यादा प्रोसेसरची असेल तर चित्र उलटे दिसेल. १५०० बाइटला ६० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५,००० पॅकेट. ७०० बाइटलाही पॅकेट पाच हजारांच्या आसपासच राहतील आणि वेग २८ एमबीपीएसपर्यंत कोसळेल. मजकूर भरण्याचा खर्च थोडा कमी झाल्याने प्रत्यक्षात आकडा तिशीकडे सरकेल, पण नव्वदीत राहणे आणि तिशीत येणे यांत गोंधळ होण्यासारखे काही नाही. पाणी कुठे मुरते आहे हे या एका कसोटीने दहा मिनिटांत कळते, आणि त्यासाठी कोणतेही नवे उपकरण लागत नाही.

मोजणीला हात घालण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात, कारण त्या बिघडलेल्या असतील तर पुढची प्रत्येक चाचणी वाया जाते. पहिली गोष्ट डुप्लेक्सची, म्हणजे दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते (फुल) की आळीपाळीने (हाफ) याची. आपल्याकडे लीज्ड लाइन बहुधा एखाद्या मीडिया कन्व्हर्टरमधून राऊटरपर्यंत येते, आणि तो कन्व्हर्टर किंवा पलीकडचा स्विच १०० फुल डुप्लेक्सवर बांधून ठेवलेला असतो. आपल्या राऊटरचा पोर्ट ऑटो निगोशिएशनवर असेल तर समोरून वाटाघाटीचा संकेतच न आल्याने तो १०० हाफ डुप्लेक्स गृहीत धरतो. मग साधे पिंग उत्तम चालते, थोडी वाहतूकही चालते, पण भार वाढला की टकरी सुरू होतात. इंटरफेसच्या आकडेवारीत एका टोकाला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) आणि दुसऱ्या टोकाला एफसीएस एरर (तपासणीत चुकलेल्या फ्रेम) वाढताना दिसले, तर लिंक मोजणे थांबवून आधी दोन्ही बाजू सारख्या कराव्यात. दुसरी गोष्ट एमटीयूची, म्हणजे तुकडे न होता जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या आकाराची. १५०० बाइटचे पॅकेट ‘तुकडे करू नये’ ही खूण लावून पलीकडे जाते का ते पाहावे. येथे एक खाचखळगा आहे: राऊटर-ओएसच्या पिंगमधील आकारात आयपी आणि आयसीएमपी यांची मिळून २८ बाइटची शीर्षके धरलेली असतात, म्हणून तेथे १५०० लिहावे, विंडोज आणि लिनक्सच्या पिंगमध्ये ती धरलेली नसतात, म्हणून तेथे १४७२ लिहावे. वाटेत पॅकेटचे तुकडे होत असतील तर राऊटरवरचा भार दुप्पट होतो आणि पुन्हा दोष लिंकच्या माथी जातो.

आता प्रत्यक्ष मोजणी. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे दोन्ही राऊटरांच्या लॅन बाजूला एकेक सक्षम यंत्र लावून त्यांच्यामध्ये आयपर्फ हे वेग मोजण्याचे साधन चालवणे. यंत्र म्हणजे साधा लॅपटॉप पुरतो, आणि १०० एमबीपीएसच्या लिंकसाठी तर रास्पबेरी पायही पुरतो. गिगाबिट लिंक मोजायची झाल्यास मात्र पाय ४ किंवा त्यापुढचा घ्यावा, कारण ३बी प्लसचा गिगाबिट पोर्ट यूएसबी २.० वरून जोडलेला असल्याने तो सुमारे ३०० एमबीपीएसलाच थांबतो. लॅपटॉप तारेनेच जोडावा. वायफायवरून लीज्ड लाइन मोजल्याचे अहवाल मी पाहिले आहेत. त्यांतून त्या खोलीतल्या वायफायविषयी मात्र बरीच माहिती मिळते. शक्य असल्यास लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करावा, कारण आयपर्फ ३ च्या कर्त्यांनी विंडोजला अधिकृत पाठबळ दिलेले नाही आणि त्यासाठी फिरत असलेल्या कित्येक प्रती फार जुन्या आहेत. तसेच आयपर्फ ३ मध्ये अनेक प्रवाह मागितले तरी ३.१६ च्या आधीच्या आवृत्त्या ते सगळे एकाच थ्रेडवर चालवत असत, हे वेगवान लिंकांवर लक्षात ठेवावे लागते. १०० एमबीपीएसला त्याने फरक पडत नाही.

निकाल वाचताना अपेक्षा योग्य ठेवाव्यात. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवर टाइमस्टँप चालू असलेल्या टीसीपीला १५३८ पैकी १४४८ बाइटच मजकुरासाठी मिळतात, म्हणून निर्दोष लिंकवरही आयपर्फ ९४.१ च्या वर जाणार नाही. ९४ दिसले की लाइन पूर्ण मिळाली असे समजावे. उरलेल्या सहासाठी पुरवठादाराशी भांडू नये. एकच टीसीपी प्रवाह कमी वेग दाखवत असेल तर लगेच निष्कर्ष काढण्याऐवजी जाण्यायेण्याचा वेळ पाहावा. ६४ केबीच्या विंडोने (पोचपावती येण्याआधी पाठवता येणाऱ्या डेटाच्या मर्यादेने) २० मिलिसेकंदांच्या लिंकवर जास्तीत जास्त सुमारे २६ एमबीपीएसच मिळू शकतात, मग लाइन कितीही मोठी असो. आजच्या कार्यप्रणाल्या विंडो आपोआप वाढवतात, परंतु जुनी यंत्रे आणि काही मधली उपकरणे त्यात खोडा घालतात. चार किंवा आठ समांतर प्रवाहांनी एकूण आकडा झपाट्याने वाढला, तर अडचण लिंकमध्ये नसून एका प्रवाहाच्या विंडोत किंवा तुरळक पॅकेटगळतीत आहे हे उघड होते.

या पद्धतीत लॅपटॉपमधून निघालेली वाहतूक राऊटरमधून पार होते, म्हणजे मोजला जातो तो लिंक आणि राऊटरची पुढे ढकलण्याची क्षमता यांपैकी जो लहान असेल तो आकडा. वापरकर्त्याला हाच वेग मिळणार असल्याने हा आकडा अत्यंत महत्त्वाचा आहे. मात्र पुरवठादारापुढे ठेवायचा तर राऊटर मधून काढून, लॅपटॉप थेट पुरवठादाराच्या पोर्टला लावून तीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते. पुरवठादाराने मॅक पत्ता बांधून ठेवलेला असेल तर त्याला आधी कळवावे. येथे एक गंमत घडते, जी माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. पुरवठादाराचा पोर्ट गिगाबिटचा असेल आणि आतमध्ये १०० एमबीपीएसचे पोलिसिंग लावलेले असेल, तर गिगाबिट पोर्टाचा ताकदवान लॅपटॉप राऊटरपेक्षाही वाईट टीसीपी आकडा दाखवू शकतो. लॅपटॉप पॅकेटांचे झोत गिगाबिटच्या वेगाने सोडतो, पोलिसर मर्यादेबाहेरची पॅकेट रांगेत न थांबवता सरळ फेकून देतो, आणि टीसीपी प्रत्येक गळतीनंतर वेग उतरवतो. राऊटरचा १०० एमबीपीएसचा पोर्ट मात्र नकळत झोत सपाट करण्याचे काम करत असतो. म्हणून थेट चाचणीत लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डला ऑटो निगोशिएशन चालू ठेवूनच फक्त १०० फुल जाहीर करायला सांगावे, आणि मग तुलना करावी. राऊटरसह आणि राऊटरविना हे दोन आकडे शेजारी ठेवले की वादाला जागा उरत नाही: दोन्ही ९४ असतील तर सगळे ठीक आहे, राऊटरसह ७० आणि राऊटरविना ९४ असतील तर राऊटर बदलायला झाला आहे किंवा त्याच्या फायरवॉलची छाटणी करायला हवी, आणि दोन्ही ७० असतील तर तक्रार नोंदवायला हरकत नाही.

प्रत्यक्षात अडचण येते ती दुसऱ्या टोकाची. पलीकडचे कार्यालय शंभर किलोमीटरवर असते, तेथे जाणकार माणूस नसतो, आणि ‘लॅपटॉप लावून ठेवा’ एवढे फोनवरून सांगण्यातही अर्धा दिवस जातो. अशा वेळी मी एका टोकाला लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला केवळ काउंटर, अशी रचना करतो. आयपर्फ २ हे जुने साधन यूडीपीमध्ये समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पॅकेट सोडत राहते. आयपर्फ ३ ला आधी समोरच्याशी टीसीपीवर बोलणी करावी लागतात, म्हणून ते येथे चालत नाही. लॅपटॉपवरून पलीकडच्या राऊटरच्या लिंक बाजूच्या पत्त्यावर, एखाद्या न वापरलेल्या यूडीपी पोर्टकडे, ठरावीक वेगाने पॅकेट सोडावीत. पलीकडच्या राऊटरवर फायरवॉलच्या रॉ तक्त्यात, प्रीराउटिंग साखळीत, त्या यूडीपी पोर्टला येणारी पॅकेट टाकून देण्याचा एकच नियम लिहावा. रॉ तक्ता कनेक्शन ट्रॅकिंगच्या (प्रत्येक जोडणीची नोंद ठेवण्याच्या पायरीच्या) आधी येतो, त्यामुळे पॅकेट टाकून देणे हे त्या राऊटरसाठी जवळजवळ सर्वांत स्वस्त काम ठरते, आणि त्या नियमापुढचा काउंटर पोहोचलेली पॅकेट व बाइट बिनचूक मोजत राहतो. सेकंदाला आठ हजार पॅकेट अशा रीतीने टाकून देणे ६५० मेगाहर्ट्झच्या कोअरला जड जात नाही. तरीही चाचणीदरम्यान तेथील सीपीयू पाहून ठेवावा.

हा नियम नसेल तर काय होते तेही सांगतो, कारण तो घाईत विसरला जातो. बंद पोर्टवर आलेल्या यूडीपीला राऊटर ‘पोर्ट अनरीचेबल’ असे आयसीएमपी उत्तर पाठवू लागतो, कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये नोंद होते, आणि ज्या कामापासून राऊटरला वाचवायचे होते तेच काम पुन्हा त्याच्या गळ्यात पडते.

वेग एकदम शंभरावर नेऊ नये. ५०, ७०, ८०, ९०, ९५ अशा पायऱ्यांनी न्यावे, प्रत्येक पायरीवर किमान एक मिनिट थांबावे, आणि लॅपटॉपने पाठवलेली पॅकेट व नियमाच्या काउंटरवर मिळालेली पॅकेट यांची वजाबाकी करावी. आयपर्फला दिलेला वेग हा यूडीपीच्या मजकुराचा असतो, तारेवरचा नसतो. आयपर्फ २ च्या नेहमीच्या १४७० बाइटच्या मजकुरावर यूडीपी, आयपी आणि इथरनेट यांचे मिळून ६६ बाइट चढतात, म्हणून निर्दोष १०० एमबीपीएसवर आकडा ९५.७ च्या आसपास थांबतो. ज्या पायरीपर्यंत गळती शून्य आहे आणि ज्या पायरीनंतर ती एकदम चढते, त्या दोहोंच्या मध्ये लिंकची क्षमता आहे. एक मिनिट म्हणण्यालाही कारण आहे. पुरवठादाराच्या पोलिसरमध्ये काही झोत सहन करण्याची मुभा असते, त्यामुळे पाच-दहा सेकंदांची चाचणी करारापेक्षाही चांगला आकडा दाखवू शकते. उलट दिशेची मोजणी करायची तर हीच रचना उलटी लावावी लागते, आणि त्यासाठी पलीकडे एक यंत्र लागतेच; तेथे कायमचे एक लहानसे लिनक्स यंत्र ठेवून देणे हा पैसा वसूल खर्च आहे.

चालू लिंकवर मोजत असाल तर आणखी एक गोष्ट. चाचणीच्या साधनाने दाखवलेला आकडा हा त्याला मिळालेला वाटा असतो. कार्यालयाची नेहमीची वाहतूक त्यात नसते. म्हणून नेहमी लिंक इंटरफेसच्या बाइट काउंटरचे चाचणीआधीचे व नंतरचे वाचन घेऊन त्यांतील फरकाला सेकंदांनी भागावे. हे काउंटर ड्रायव्हर किंवा चिप राखते, वाचायला ते जवळजवळ फुकट असतात, आणि कमी ताकदीच्या राऊटरवर यांच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. एसएनएमपीने (उपकरणाची आकडेवारी दुरून वाचण्याच्या प्रोटोकॉलने) वाचत असाल तर ६४ बिटांचे काउंटर वाचावेत. ३२ बिटांचा बाइट काउंटर १०० एमबीपीएसच्या पूर्ण भारावर सुमारे ३४४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, म्हणजे दर पाच मिनिटांच्या वाचनात तो जेमतेम टिकतो. गिगाबिटवर तो ३४ सेकंदांतच फिरतो आणि आलेख निव्वळ कल्पित होतो. राऊटरचे संपूर्ण एसएनएमपी झाड दर मिनिटाला चाळणारी देखरेख प्रणालीही अशा यंत्राला जड होते, म्हणून हव्या त्या चार-सहा नोंदीच मागवाव्यात.

याच काउंटरांच्या आधारे, एकही चाचणीचे पॅकेट न सोडता, केवळ नेहमीच्या वाहतुकीवरूनही बरेच कळते. महिनाभराच्या आलेखात गर्दीच्या वेळी वाहतूक एका पातळीला जाऊन सपाट झालेली दिसते आणि त्याच वेळी पलीकडच्या टोकाचे पिंग वाढलेले असते, तेव्हा ती पातळी म्हणजे तुमची खरी क्षमता होय. त्याच आलेखाखाली सीपीयूचा आलेख लावावा. सपाटीच्या वेळी सीपीयू शंभरावर असेल तर ती क्षमता राऊटरची आहे, तीस-चाळीसवर असेल तर लिंकची. माझ्या अनुभवात कितीतरी ठिकाणी लाइन वाढवून घेण्याचा प्रस्ताव या दोन आलेखांनी मागे घ्यावा लागला आहे.

काही वाचक विचारतील की पॅकेटांच्या जोड्या पाठवून त्यांच्यातील अंतरावरून क्षमता काढण्याच्या पद्धती असताना एवढा खटाटोप कशाला. कल्पना सुंदर आहे: दोन पॅकेट एकामागोमाग सोडली तर अरुंद लिंकमधून बाहेर पडताना त्यांच्यात जे अंतर पडते ते त्या लिंकच्या वेगावर अवलंबून असते, आणि त्यासाठी लिंक भरून टाकावी लागत नाही. पण १०० एमबीपीएसवर हे अंतर १२३ मायक्रोसेकंद आणि गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंद असते. लहान राऊटरचा प्रोसेसर अनेक पॅकेट एकाच इंटरप्टमध्ये गोळा करून उचलतो, त्यामुळे त्याने लावलेल्या वेळेच्या शिक्क्यांत हे अंतर पार पुसले जाते. पिंगचा आकार बदलून जाण्यायेण्याच्या किमान वेळेतील फरकावरून वेग काढणे ही त्याचीच जुनी बहीण म्हणावी लागेल. २ एमबीपीएसच्या लाइनवर ६४ आणि १५०० बाइटच्या पिंगमध्ये सुमारे साडेअकरा मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि ती पद्धत झकास चालते. १०० एमबीपीएसवर तोच फरक पाव मिलिसेकंदाहूनही कमी असतो आणि राऊटरच्या स्वतःच्या उत्तर देण्याच्या विलंबात हरवून जातो. अगदी मंद, दुर्गम लिंकांसाठी ही युक्ती राखून ठेवावी.

बोगद्यांविषयी दोन वाक्ये. दोन कार्यालयांमध्ये आयपीसेक (वाहतूक कूटबद्ध करून नेणारा बोगदा) चालू असेल आणि राऊटरमध्ये एईएस या कूटलेखन पद्धतीसाठी वेगळे हार्डवेअर नसेल, तर बोगद्यातून घेतलेली प्रत्येक चाचणी ही कूटलेखनाच्या वेगाची चाचणी ठरते. म्हणून लिंक बोगद्याबाहेरून मोजावी आणि बोगदा वेगळा मोजावा.

इतके सांगूनही कधी कधी हाताशी राऊटरखेरीज काहीच नसते, आणि अशा वेळी बँडविड्थ टेस्टच वापरावी लागते. तेव्हा यूडीपी वापरावे, पॅकेट १५०० बाइटचे ठेवावे, दोन्ही दिशा एकदम न चालवता एकेक चालवावी, पाठवण्याचा वेग स्वतः ठरवून द्यावा आणि वर सांगितल्याप्रमाणे पायऱ्यांनी वाढवावा. वेग ठरवून दिला नाही तर हे साधन समोर पोहोचलेल्या आकड्यापेक्षा किमान दहा टक्के जास्त पॅकेट पाठवत राहते, आणि दमलेला प्रोसेसर ती फुकटची पॅकेट तयार करण्यातच आणखी दमतो. शिवाय चालू लिंकवर कार्यालयाची गळचेपी होते ती वेगळीच. मधल्या रेडिओवर किंवा बोगद्यात कॉम्प्रेशन असेल तर रँडम डेटाचा पर्याय चालू करावा, नाहीतर एकसारखा मजकूर दाबला जाऊन लिंक आहे त्यापेक्षा मोठी दिसते. या पर्यायाने सीपीयूचा भार वाढतो, म्हणून तो सरसकट लावू नये. सीपीयू ९० टक्क्यांच्या खाली असताना मिळालेला आकडा ‘लिंक किमान एवढी आहे’ असे सांगतो, आणि तो तसाच लिहावा. त्यापुढचा आकडा कागदावर घेऊच नये.

पुरवठादाराला अहवाल पाठवताना प्रत्येक आकड्यासोबत दिशा, प्रोटोकॉल, पॅकेटचा आकार, कालावधी, वेळ, आणि दोन्ही टोकांचा सीपीयू यांची नोंद असावी. करारातील १०० एमबीपीएस कोणत्या पातळीवर मोजायचे, इथरनेटच्या की आयपीच्या, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. लहान पॅकेटांची वाहतूक, उदाहरणार्थ आवाजाची, जास्त असेल तर या दोहोंतील तफावत मोठी निघते. आणि काम संपल्यावर दोन्ही राऊटरांवरचा बँडविड्थ टेस्ट सर्व्हर बंद करावा. तो मूळ मांडणीत चालू असतो आणि टीसीपीच्या २००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसतो. ज्याच्या हाती राऊटरचे नाव-संकेतशब्द लागले, किंवा ज्या राऊटरवर पडताळणीच बंद करून ठेवलेली आहे, तेथे बाहेरचा कोणीही तुमची लिंक हवी तेव्हा भरून टाकू शकतो. रॉ तक्त्यातला तो एक नियमही आठवणीने काढावा.